पाहुण्यांना दाखवायचं गाव

अमरावती दाखवावी तर आमच्या बाबांनीच, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. नागपूरहून कोणी साहेब आला, मुंबईहून कापसाचा दलाल आला, पुण्याहून कोणी व्याख्यान द्यायला आला, की त्याला गाव दाखवायचं काम आपसूक आमच्या घरी यायचं. बाबांकडे काळी जमीन भरपूर होती, ती पाहायला माणसं होती, त्यामुळे त्यांना वेळही भरपूर होता. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार नागपूरचा आणि हुकूम लंडनचा, हे वाक्य ते प्रत्येक पाहुण्याला त्याच ठिकाणी, अंबागेटच्या थोडं अलीकडे, ऐकवत. पाहुणे हसत. मीही हसायचे, कळत काही नसताना.

आता या वयात मला कोणी ना कोणी विचारतं, तुम्ही जुन्या अमरावतीच्या, तुमच्या आवडीच्या जागा सांगा की. विचारणाऱ्यांना वाटतं, म्हातारी डोळे मिटून आठवणीत रमेल. मी रमत नाही. मला आधी राग येतो आणि त्याच्या मागून त्या जागा येतात. तरी सांगते, कारण जागा चांगल्या होत्या. त्यांचा काही दोष नव्हता.

गाव दाखवायला आमची दमणी निघायची. दमणी म्हणजे छपराची, माणसं बसायची बैलगाडी. एरवी तिला चारी बाजूंनी जाड पडदे असत. पाहुणा आला की ते पडदे गुंडाळून वर बांधायचे, गादीवर धुतलेली चादर घालायची, पाठीला लोड ठेवायचे. बैलांच्या शिंगांना तेल लागायचं. मी लहान होते तोवर मलाही मधे बसवत. सोबत लहान पोरगी असली की परका माणूस मोकळा होतो, असं बाबांचं मत होतं. मी पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून सगळं गाव पाहिलं.

पहिली जागा परकोट. गावाभोवतीची ती दगडी भिंत पेंढाऱ्यांच्या धास्तीनं बांधलेली. एका ठिकाणी वर चढायला पायऱ्या होत्या, थोड्या ढासळलेल्या. बाबा पाहुण्याला हात देऊन वर घेत आणि म्हणत, "इकडे पाहा गाव, तिकडे पाहा रान." आतल्या बाजूला घरांची कौलं एकमेकांना चिकटलेली, मधूनच एखाद्या मशिदीचा मिनार, एखाद्या देवळाचा कळस, मारवाड्यांच्या माड्या. बाहेरच्या बाजूला कापसाच्या जिनांची धुरांडी आणि त्यापलीकडे नुसती काळी जमीन, डोळा थकेपर्यंत. मला तिथून उतरावंसं वाटायचं नाही. आजही कोणी एकच जागा सांग म्हटलं, तर मी ती पायरी सांगेन.

मग अंबादेवी. तिथं बाबांची एक ठरलेली गंमत होती. रुक्मिणी इथं देवीच्या दर्शनाला आली आणि कृष्णानं तिला इथूनच पळवली, ही गोष्ट वऱ्हाडात कोणालाही माहीत. बाबा ती सांगून झाल्यावर म्हणत, "आमच्या वऱ्हाडची पोरगी एकदा दर्शनाला म्हणून घराबाहेर पडली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून आम्ही सावध झालो!" पाहुणे पोट धरून हसत. पुण्याचे एक गृहस्थ तर हसता हसता खोकायला लागले होते. ही गंमत माझ्या आईवर होती, हे मला फार उशिरा समजलं.

तिथून सराफा. सराफ्याला लागून मशिदीच्या कोपऱ्यावर एक अत्तरवाला बसे. तो पाहुण्याच्या मनगटाला काडीनं अत्तर लावी आणि माझ्या नाकाला उगीच काडी दाखवून मागे घेई. त्याच्या पलीकडे बांगड्यांची ओळ. दोन्ही हातांना दुकानं, मधे बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच वाट. दुकानं म्हणजे काय, जमिनीपासून छपरापर्यंत बांगड्याच बांगड्या, दोऱ्यांत ओवून टांगलेल्या. हिरव्या होत्याच, पण जांभळ्या, शेंदरी, मधाच्या रंगाच्या, आत सोनेरी कण असलेल्या. ऊन आत शिरलं की समोरच्या दुकानदाराच्या पांढऱ्या दाढीवर लाल-हिरवं पडे. पाहुणे पुरुष, त्यांना तिथं काही घ्यायचं नसे. बाबा मात्र गाडी थांबवत आणि म्हणत, "हे पाहायलाच पाहिजे." बरोबर म्हणत. पाहायलाच पाहिजे होतं.

हंगाम असला तर मग कापसाचा बाजार. गाड्यांच्या रांगा, लिलावाची आरडाओरड, एकाच गाडीभोवती गुजराती अडत्या, पारशी जीनवाला, मुसलमान हमाल, कुणबी शेतकरी, आणि चौघांच्याही अंगावर कापसाचा सारखाच भुरा. शेवटी वडाळीचा तलाव, दिवस मावळायच्या आत. तिथं पाहुणा कविता वगैरे म्हणायच्या बेतात असे. बाबा बैल सोडायला लावत आणि घरून आणलेला चिवडा निघे.

घरी आलो की आई स्वयंपाकघराच्या दारात वाट पाहत असायची. पाहुण्यांची नव्हे, माझी. हातपाय धुवायलाही सोडायची नाही. "सांग," म्हणायची.

आमच्या घरात गोषा होता. आता पोरींना हा शब्दच कळत नाही, म्हणून सांगते. घरच्या बाईचं तोंड परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तो एवढासा अर्थ पाळण्यात अख्खा जन्म जायचा. आई तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली. तिकडेही लग्न झालेल्या बायकांना गोषा होता, पण पोरींना नव्हता. लहानपणी ती कापसाच्या गाडीवर, बोंडांच्या ढिगावर पालथी पडून बाजारापर्यंत गेलेली होती, हे ती मला सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. लग्न होऊन अमरावतीत आली ती पडद्याच्या दमणीतून. त्यानंतर तिनं अमरावती पाहिली नाही. अमरावतीत राहिली, अमरावतीत तीन मुलं झाली, पण पाहिली नाही.

वर्षातून एकदा, नवरात्रात, ती अंबादेवीला जायची. तीच दमणी, तेच बैल, तोच गाडीवान; पडदे मात्र खाली, आणि खालून दोऱ्यांनी बांधलेले. गाडीवान आणि आतल्या बायका यांच्यामधेही जाड कापड. वाट बाजारातून नसे, भिंतीच्या कडेकडेनं असे. देवळाशी गाडी टेकली की दोन गडी कनात धरत. म्हणजे दोन लांब कापडं, गाडीपासून देवळाच्या दारापर्यंत, दोन्ही बाजूंनी. त्या कापडी बोळातून आई देवीपुढे जायची आणि त्याच बोळातून परत यायची. मी एकदा तिला विचारलं होतं, देऊळ केवढं आहे? ती म्हणाली, "मले काय माईत? म्या देवी पायली. देऊळ तूनं पायलं."

म्हणून तिला माझ्याकडून ऐकायचं असायचं. बाबांनी काय सांगितलं ते तिला नको असे. पेंढारी, निजाम, रुक्मिणी यांच्यात तिला काडीचा रस नव्हता. तिचे प्रश्न वेगळे. परकोटावर वारा कसा होता? सराफ्यात बाया येतात काय? त्या कुठं बसतात? कापसाच्या बाजारात तेल्हाऱ्याच्या गाड्या होत्या काय, त्या गाड्यांचे बैल कोणत्या रंगाचे होते? आणि बांगड्यांची ओळ आली की ती हातातलं काम खाली ठेवायची.

"पयल्या दुकानात कोन्ता रंग होता?"

"जांभळा."

"जांभळा म्हंजे वांग्यासारखा का जांभळासारखा?"

मला फरक सांगता यायचा नाही. ती चिडायची. "डोये घेऊन गेली का घरी ठेवून गेली व पोट्टे?" मग स्वतःच हसायची. तिच्या हातात बारमहा हिरव्याच बांगड्या. बांगड्या भरायला मन्यारीण घरी यायची, टोपलीत हिरव्याच घेऊन यायची, कारण आमच्या घरात तेच चालायचं. आईला बांगड्या फार हव्या होत्या असंही नाही. तिला ती ओळ पाहायची होती. दोन्ही बाजूंना रंग आणि मधून आपण चाललोय, एवढंच. तिनं हे मला किती वेळा सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी अगदी सहज, पाणी आणायला सांगावं तसं.

मी नऊ-दहा वर्षांची झाले आणि माझंही गाव बंद झालं. एके दिवशी पाहुणे आले, दमणी सजली, मी पायरीवर चढायला गेले तर बाबा म्हणाले, "तू आता थांब घरी." बस. तेवढंच. आईला आता सांगणारं कोणी उरलं नाही. धाकटे भाऊ जायचे, पण त्यांना विचारलं की ते फक्त चिवडा किती खाल्ला ते सांगत.

बाबा वाईट नव्हते. हे मी त्यांच्या बाजूनं बोलतेय असं नाही, उलट ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला घरी मास्तर ठेवून शिकवलं. गावात मुलींच्या शाळेसाठी सभा झाली तेव्हा ते अध्यक्ष होते. मोठ्या घरच्या बायकांसाठी सभागृहाच्या मागच्या अंगाला बांबूच्या चिकाचा पडदा लावला होता, तिथं आई आणि मी बसलो. बाबा फार छान बोलले. स्त्रियांनी जग पाहिलं पाहिजे, जग पाहिल्याशिवाय बुद्धीला धार येत नाही, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. परत येताना पडद्यांच्या दमणीत, अंधारातच म्हणायचं, आई मला म्हणाली, "चांगलं बोलले. कोनाच्या बायकोबद्दल बोलून राहिले होते?"

मी हसले. ती हसली नव्हती.

आईच्या डोळ्यांचं आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण घरात तिला पाहण्यासारखं फार काही नव्हतंच. ती खांबांना धडकायला लागली तेव्हा आम्ही हसलो. मग ती म्हणाली, समोरचं दिसते, बाजूचं नाही दिसत. वैद्यानं थेंब दिले. थेंबांनी डोळे झोंबले, बाकी काही झालं नाही. शेवटी बाबांनी इंग्रजांच्या कॅम्पातून डॉक्टर घरी आणला. आईनं पदराआडून फक्त डोळे उघडे ठेवले आणि त्यानं दिवा धरून पाहिलं. हा काचबिंदू, तो म्हणाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही हळूहळू जाईल, कुठं नेलं तरी. मग हात धुताना, टॉवेल मागावा इतक्या सहज, म्हणाला, "काय पाहायचं असेल ते पाहून घेऊ द्या त्यांना."

तो गेल्यावर आई आतल्या खोलीत बसली होती. मला वाटलं रडत असेल. ती म्हणाली, "तुह्या बाबाले सांग, मले बांगड्यायची ओळ पाहाची हाये. दिवसा. पडदे वर करून."

मी सांगितलं. मी काही घाबरत नव्हते त्यांना. माझी जीभ लहानपणापासून लांब. बाबा खूप वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "लोक पायतीन ना वं."

"पाहू द्या."

"तुले समजत नाही. गावात आपलं नाव हाये. उद्या तुह्यं लगन कराचं हाये. ज्या घरची बाई भरबाजारात उघड्या गाडीनं फिरते त्या घरची पोरगी कोन करीन?"

म्हणजे आईचा पडदा माझ्यासाठी होता. हे ऐकून मला जी शिसारी आली ती अजून जिभेवर आहे. मी म्हटलं, माझं लग्न नाही झालं तरी चालेल. ते म्हणाले, तुझं चालेल गं, आमचं नाही चालत.

त्यांनी त्यातल्या त्यात काही केलं नाही असंही नाही. दुसऱ्या आठवड्यात मन्यारीण आली ती एकटी नाही, दोन पोरींच्या डोक्यावर टोपल्या देऊन. बाबांनी सांगून ठेवलं होतं, असतील नसतील तेवढे रंग घेऊन ये. आतल्या अंगणात सतरंजी अंथरली, सगळ्या बांगड्या मांडल्या. बाबा माडीवरून पाहत होते, तोंडावर समाधान, जणू अख्खा बाजार उचलून दिला. आईनं एकेक बांगडी डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. वांग्याचा जांभळा कोणता आणि जांभळाचा कोणता ते मला दाखवलं. हातभर भरून घेतल्या. रात्री जेवताना बाबांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "झालं ना मंग? पायल्या ना?"

"बांगड्या पायल्या," आई म्हणाली. "ओळ नाही पायली."

बाबांना ते लागलं. आपण एवढं करूनही बाईचं समाधान नाही, असं ते बरेच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला, नाव न घेता, सुनावत राहिले. पाहुणे येतच होते. दमणीचे पडदे वर जात होते आणि खाली येत होते. लढाई सुरू झाली होती, विलायतेहून कोणकोण अधिकारी यायचे, त्यांनाही बाबांनी बांगड्यांची ओळ दाखवली. एक गोरा साहेब तर त्याच्या बायकोसाठी मधाच्या रंगाच्या घेऊन गेला. ते आईला धाकट्यानं सांगितलं. ती म्हणाली, "पाय बाप्पा. तिकडून आला, तो पाहून गेला."

माझं लग्न अकोल्याला झालं, वकिलाच्या घरी. तिथं सासूनंच गोषा टाकला होता. पहिल्या महिन्यात ती मला म्हणाली, जाऊन ये राजेश्वराच्या देवळात, सोबत शेजारीण आहे. मी चालत गेले. मोर्णा नदीच्या पुलावर थांबले, खाली म्हशी डुंबत होत्या, पलीकडे किल्ल्याचा बुरूज, माणसं येत होती, जात होती. मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही. माझ्या मनात एकच गोष्ट होती, की हे इतकं साधं होतं? पाय टाकायचा आणि चालायचं? शेजारीण विचारत राहिली, काय झालं, चक्कर आली काय.

माहेरी गेले की दर खेपेला आईची नजर आणखी आखडलेली असे. ताटातला भात दिसे, कडेची चटणी दिसत नसे. मग भातही हातानं शोधावा लागायला लागला. मी दर खेपेला बाबांशी भांडायचे. माझं लग्न होऊन गेलं, आता काय? आता भावाचं व्हायचं. भावाचं झालं, आता काय? आता हंगाम आहे, हंगामात बाजारात परगावचे लोक असतात. कारणाला तोटा नव्हता. आणि प्रत्येक कारण ते अगदी कळवळून सांगत, खोटं म्हणून नाही. त्यांना खरोखरच ती पाहणारी माणसं दिसत असत.

मग एका उन्हाळ्यात मी आले तर बाबा दारातच भेटले, खुशीत. आमच्यापेक्षा मोठ्या एका देशमुखांच्या सुना उघड्या टांग्यातून सिनेमाला जायला लागल्या होत्या. अख्ख्या गावानं पाहिलं होतं आणि काही झालं नव्हतं. बाबा म्हणाले, "ने आता तुह्या मायले. आता काय हरकत नाही."

आईला तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. खिडकी कुठं आहे ते कळायचं. खिडकीतून काय आहे ते नाही.

मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात इतकी कधी ओरडले नाही. आता कशाला, म्हटलं, आता तिला काय दाखवू? बाबा दुखावून म्हणाले, "तूच तं इतके वर्सं मागं लागली होती." त्यांना खरोखर कळत नव्हतं मी का रडतेय. आतून आई भिंतीला हात लावत आली. "काहून भांडून राहिली? चाल. येते मी."

बाबा स्वतः येणार नव्हते. बायकोबरोबर उघड्या गाडीत बसणं त्यांना बरं दिसलं नसतं. पण पडदे त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळले, गाठी नीट मारल्या, गादीवर धुतलेली चादर घातली. गाडीवानाला वाट सांगितली, पाहुण्यांना नेतात तीच. आणि निघताना आईला म्हणाले, "पयले परकोट लागीन. पेंढाऱ्यायच्या भीतीनं बांधला होता." ती म्हणाली, "माईत हाये."

ऐन सकाळ होती. आईच्या तोंडावर ऊन पडलं आणि तिनं सवयीनं पदर पुढे ओढला, मग थांबून मागे सारला. मी तिला सांगत होते. लहानपणी घरी येऊन सांगायचे तसं, पण आता चालत्या गाडीत. डाव्या हाताला भिंत. हे गेट आलं. हा हलवाई, जिलबी काढतोय. तो वास तिला आलाच होता. ती मान त्या त्या बाजूला वळवायची, मी बोलून झाल्यावर, जरा उशिरा. अत्तरवाल्याचा कोपरा आला, तिथं आता घड्याळं दुरुस्त करणारा बसला होता. मी तेही सांगितलं. खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांचंच मिळालं, निदान ते खरं असावं.

बांगड्यांच्या ओळीत गाडी थांबवली. तिला हात धरून उतरवलं. एका दुकानाच्या लाकडी पायरीवर ती बसली. मी रंग सांगायला सुरुवात केली, पहिल्या दुकानापासून, वरच्या दोरीपासून. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष रंगांकडे नव्हतं. ती ताठ बसली होती, मान थोडी खाली, गर्दीत नव्या नवरीनं बसावं तशी. दुकानदार म्हातारा मुसलमान. त्यानं तिचा हात हातात घेतला, अंगठा दाबून माप पाहिलं. आई शहारली. परक्या पुरुषानं तिच्या हाताला हात लावायची ती पहिलीच वेळ.

"हात ढिल्ला छोडो अम्मा," तो म्हणाला. "कोनसा रंग?"

आईनं माझ्याकडे तोंड करून हळूच विचारलं, "लोक पाहून राहिले काय वं माह्याकडं?"

मी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या दुकानात एक बाई भावावरून घासाघीस करत होती. दोन पोरी एकमेकींचे हात जोडून मापं पाहत होत्या. एक हमाल पाठीवर पेटी घेऊन "बाजू, बाजू" करत गेला, त्यानं आमच्या गाडीकडे पाहिलं, ती वाटेत होती म्हणून. मोटारीचा हॉर्न कुठंतरी वाजत होता.

"नाही आई," मी म्हटलं. "कोणी पाहत नाही."

"नीट पाय."

मी नीट पाहिलं. त्या अख्ख्या बाजारात एकाही माणसाला माझ्या आईशी काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या कामात होता, आणि मला दिसत होतं की ते नेहमीच तसे असणार. ती तरणीताठी, डोळस असताना इथं येऊन बसली असती तरी एखाद्यानं मान वळवली असती आणि पुन्हा आपल्या कामाला लागला असता.

"खरंच कोणी नाही."

दुकानदार बांगड्या हातात धरून थांबला होता. मग ती म्हणाली, "मंग काहून?" एवढंच. मला नाही, त्या दुकानदारालाही नाही, कोणालाच नाही. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि त्यानं त्याला बऱ्या वाटल्या त्या चढवल्या. तलावाला जायचं नाही म्हणाली. आम्ही परतलो.

बाबा ओसरीवर येरझारा घालत होते. गाडी दिसताच खाली आले. आईला उतरवायला त्यांनी हात पुढे केला नाही, गाडीवान पाहत होता ना. पण तिचं पाऊल जमिनीला टेकायच्या आतच त्यांनी विचारलं, आणि आवाजात इतकी काळजी होती की मला क्षणभर त्यांची कीव आली.

"कोनी पायलं तं नाही ना?"

आईनं आवाजाच्या रोखानं तोंड केलं. रोख थोडा चुकला होता. ती त्यांच्याशी नाही, शेजारच्या खांबाशी बोलल्यासारखी बोलली.

"नाही. कोनंच नाही पायलं मले," ती म्हणाली. "अन् म्याबी कोनाले नाही पायलं."

बाबांचा चेहरा खुलला. "बरं झालं," ते म्हणाले, मनापासून म्हणाले, आणि पानं वाढायला सांगायला आत गेले.